हालता मुडदा

त्या हिवाळ्यात कुरखेड्यात दर रविवारी सकाळी एक खून होत असे, आणि मेलेल्याचं वय किती ते ऐकायला वामनराव रामटेके खुर्ची पुढे ओढून बसत.

खून टीव्हीत होई, म्हणजे मुंबईकडेच कुठेतरी होई. इन्स्पेक्टर भाटिया नावाचा एक पोलीस अधिकारी तो अर्ध्या तासात उलगडून दाखवी. मालिकेचं खरं नाव हिंदीत आणि लांबलचक होतं, त्यामुळे गावाने ते घेतलंच नाही. "भाटिया लागला का जी?" एवढं विचारलं की पुरे. सगळं गाव खुनी कोण ते शोधी. वामनरावांना खुन्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांचं लक्ष मुडद्यावर असे.

वामनराव म्हणजे पंचायत समितीचे बडेबाबू. ते रिटायर झाले, पण गावाने पदवी परत घेतली नाही. आयुष्यभर टेबलामागे बसून त्यांनी लोकांना मुख्यतः एकच वाक्य ऐकवलं होतं, "अर्ज आणा". असल्या माणसाने टीव्ही घ्यावा हेच नवल. पूर्वी कोणी टीव्हीचा विषय काढला की ते म्हणत, "आमच्या घरी रिकामा डबा ठेवाले जागा नाई." पण जंगू मुंबईहून आला आणि गोष्ट फिरली.

जंगू हा त्यांच्या आळीतला ट्रक डायवर. दिवाळीच्या आसपास तो माल घेऊन मुंबईला गेला होता. परत आला तो गाडी उभी करून थेट वामनरावांच्या ओसरीवर.

"काकाजी, तुमचा घनश्याम दिसला मले."

वामनराव उभे राहिले. मग आपण उभे राहिलो हे बरं दिसत नाही असं वाटून पुन्हा बसले. "कुठी?"

"चहाच्या टपरीवर. डोक्शाले पट्टी, सदरा लालेलाल. म्या म्हटलं, मेला हा! धावत गेलो तं हासून राह्यला. म्हणे, रंग आहे बे. म्हणे, मी मेलो आहे, पण टीव्हीत. पोलिसाच्या सिरेलीत मुडद्याचं काम भेटलं. हिवाळ्यात लागन म्हणे. मायले सांगजो, पाह्यजो म्हणाव."

जंगूने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मंग? तू काय सांगितलं त्याले?"

"काय सांगू काकाजी? टपरीवर उभ्या उभ्या? तो हासून राह्यला होता. मी नाई सांगू शकलो."

घनश्यामची आई गोकुळाबाई भादव्यात गेली होती. सती नदी दोन्ही काठांनी भरून वाहत होती, वडशाचा रस्ता बंद होता, आणि ताप काही रस्ता सुटायची वाट पाहत नव्हता. मुलाला केलेली तार 'पत्ता सोडून गेले' असा शेरा घेऊन परत आली. असले शेरे वामनरावांनी जन्मभर दुसऱ्यांच्या कागदांवर मारले होते.

"आता कुठी राहते तो? पत्ता?"

जंगूने जीभ चावली. "पत्ता विचाराचा राह्यला, काकाजी. पण ती टपरी मले ध्यानात आहे."

पोरगा घर सोडून गेला त्याचं कारण ऐकलं तर कोणीही हसेल. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते आणि मंडईला नाटक लागतं. नाटकात मेलेला माणूस शेवटपर्यंत मेलेला राहिला पाहिजे, एवढी लोकांची माफक अपेक्षा असते. घनश्यामला राजपुत्राचं काम होतं. राजपुत्र दुसऱ्या अंकात मरतो आणि राणी त्याच्या छातीवर पडून लांबच लांब गाणं म्हणते. थंडी मरणाची. गाण्याच्या ऐन मध्यात राजपुत्र शिंकला. मांडव हसून नुसता कोसळला. "मुडदा हालला! मुडदा हालला!" पुढच्या खुर्चीवर बसलेले बडेबाबू उठले, उपरणं झटकलं आणि सगळ्यांच्या देखत निघून गेले. गोकुळाबाई तेवढी बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून पोरं घनश्यामला 'हालता मुडदा' म्हणू लागली, आणि पौष लागायच्या आत तो मुंबईला गेला. बापाने अडवलं नाही. अडवण्यासाठी बोलावं लागलं असतं.

तर टीव्ही आला. वडशाहून एसटीने, गोकुळाबाईने शिवलेल्या वाकळेत गुंडाळून, वामनरावांच्या मांडीवर बसून आला. कंडक्टर म्हणाला, "बाबा, लेकराचं अंग लयच गरम दिसून राह्यलं, इतकं काऊन पांघरवलं?" खड्डा आला की ते स्वतः उचलले जायचे, पण टीव्ही हलू द्यायचे नाहीत.

घरी आणून लावला तर आवाज खणखणीत आणि चित्राच्या जागी नुसत्या मुंग्या. पांढऱ्या मुंग्या, काळ्या मुंग्या, मध्येच एखादी मोठी मुंगी डावीकडून उजवीकडे जाई, तो म्हणे इन्स्पेक्टर भाटिया. वडशाच्या दुकानदाराने सांगितलं होतं, "तुमच्याकडे स्टेशन दूर पडते, काडी उंच लावा." पहिल्यांदा काडी, म्हणजे अँटेना, कौलावर लावली. मग बांबू लावला. बांबू वाऱ्यावर डोले. तो नदीकडे झुकला की पडद्यावर बाई दिसे, गावाकडे झुकला की बाई जाई.

पण लोक येत. मुंग्या तर मुंग्या. रविवारी बडेबाबूंच्या माजघरात पाय ठेवायला जागा नसे. मालिका होतीच तशी. भाटिया ओरडत नसे, गोळ्या झाडत नसे. विचार करताना हातातल्या घड्याळाला चावी देई. तेवढी कर्रकर्र ऐकू आली की सगळे श्वास रोखून बसत. शेजारचा लटारू ढिवर दर वेळी खुनी आधीच सांगून टाकी.

"ज्याच्या चपला वाजत नाई, तोच खुनी. लिहून ठेवा."

"मागच्या खेपी म्हणे, जो खोकते तो खुनी," ठमाबाई म्हणे. ती पलीकडच्या घरची, गोकुळाबाईची जिवाभावाची. "तो तं बिचारा टीबीचा निघाला. तुले मासा तरी सापडते का रे?"

वामनरावांनाही ही मालिका पाहण्याजोगी, म्हणजे ऐकण्याजोगी, वाटू लागली होती. अर्ध्या तासात प्रकरण निकाली! मागवलेला खुलासा नाही, स्मरणपत्र नाही, साहेब दौऱ्यावर नाहीत. आपल्या कचेरीत भाटिया असता तर, असा विचार त्यांच्या मनात येई, आणि मग आपण तिथे कोण होतो हे आठवून ते विषय बदलत.

मात्र सुरुवातीला कोणी मेलं की ते हात वर करून सगळ्यांना गप्प करीत. मुडदा दिसत तर नव्हता. मुडद्याला वाक्यही नसतं. आता ओळखायचं कसं? तेव्हा भाटिया काय बोलतो तेच ऐकायचं.

"उम्र पचपन के ऊपर," भाटिया म्हणे.

"नाई, आपला नोहे," लटारू म्हणे, आणि वामनराव खुर्ची मागे सरकवीत.

"औरत की लाश है," भाटिया म्हणे.

"आपला नोहे."

जगात इतकी माणसं मारली जात होती, आणि एकही घनश्यामच्या वयाची नव्हती. वामनरावांचा जीव दर रविवारी टांगणीला लागे आणि दर रविवारी निराश होऊन उतरे. आपला मुलगा अजून मेला नाही म्हणून उदास होणारा बाप त्या जिल्ह्यात दुसरा नसेल.

मग संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मुंग्यांमधून भाटियाचा आवाज आला, "उम्र कोई पच्चीस साल. बाईं भौंह पर पुरानी चोट का निशान."

ठमाबाईने तोंडावर पदर घेतला. घनश्याम लहानपणी अंगणातल्या उखळावर पडला होता. डावी भुवई फाटली होती. गोकुळाबाईने हळद दाबून धरली होती आणि ठमाबाईने पोराचे पाय.

"मुंग्या हटवा!" वामनराव ओरडले. "बांबू धरा कोणी!"

लटारू बाहेर धावला, बांबू धरला, इकडे वाकवला, तिकडे वाकवला. आतून माणसं ओरडत होती, "आला! गेला! राहू दे! नोको राहू देऊ!" पडद्यावर एकदा पांढरी चादर दिसल्यासारखी झाली आणि पुन्हा मुंग्या. तेवढ्यात भाटियाने घड्याळाला चावी दिली आणि म्हणाला, लाश की शिनाख्त अगले हफ्ते होगी, माँ को गाँव से बुलवाया है. आणि पहिल्यांदाच प्रकरण अर्धवट सोडून वाजंत्री वाजली.

म्हणजे पुढच्या रविवारी मुडद्याच्या तोंडावरची चादर निघणार होती. हातात एक आठवडा होता, आणि मुंग्या तेवढ्याच होत्या.

सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणालं, काडीला पितळेची ताटली बांधा. बांधली, तर मुंग्या तशाच राहिल्या आणि कुठला तरी माणूस शेतीवर बोलू लागला. कोणी म्हणालं, नागपूरला जा. पण नागपुरात कोणाच्या दारी उभं राहून म्हणायचं, मले तुमच्या घरचा मुडदा पाहू द्या?

"काकाजी, बांबूचं काम नोहे," लटारू म्हणाला. "सागाची बल्ली पायजे. सरळ, उंच. हालत नाई, डुलत नाई."

"कुठून आणू?"

"ते मायावर सोडा."

जन्मभर प्रत्येक गोष्टीला 'कशाच्या आधारे?' असं विचारणाऱ्या माणसाने या वेळी विचारलं नाही. बुधवारी पहाटे बल्ली अंगणात होती. अशी सरळ की वामनरावांना तिचा मोह पडला. दुपारपर्यंत उभी झाली. काडी लावली. आणि मुंग्या गेल्या! बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातलं दिसलं. ठमाबाई तिच्याकडे पाहून म्हणाली, "मायवं, हे तं रोज इतके दिवस इथीच होती!"

शनिवारी इसरू आला. इसरू फारेस्ट गारड, आणि रविवारी माजघरात दाराजवळ बसणाऱ्यांपैकीच एक. आज मात्र तो खाकीत होता.

"बडेबाबू, बल्ली छान आहे जी," तो म्हणाला. त्याने बल्लीभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, खाली बसून बुंधा पाहिला. "हातोड्याचा ठप्पा कुठी आहे?"

वामनरावांनीही वाकून बुंधा पाहिला.

"लाकडाच्या डेपोतून घेतलेल्या मालावर सरकारी ठप्पा राहते. याच्यावर नाई. वाहतूक पास?"

"अर्ज देतो," वामनराव म्हणाले. ते वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच उलट्या बाजूने निघालं.

"अर्ज तोडाच्या आंधी द्या लागते, काकाजी. कोणी तोडली?"

कुंपणापलीकडे लटारू जाळं विणत बसला होता. त्याचे हात थांबले. वामनरावांनी तिकडे पाहिलं नाही.

"मी तोडली."

इसरूने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काकाजी, तुमच्यानं काकडी कटत नाई."

"लिहून घे. मी तोडली."

इसरूला वाईट वाटत होतं, पण वर तक्रार गेली होती. एवढी उंच बल्ली गावात कोणाला दिसत नव्हती? पंचनामा झाला. वामनरावांनी जबानीवर इतकी सुरेख सही केली की खालचा मजकूर तिच्यापुढे लाजला. मग काडी उतरवली, बल्ली पाडली, आणि ती डेपोत न्यायला चार खांदे लागले. इसरू म्हणाला, "आरोपीले संगं या लागते."

बाजाराचा दिवस होता. पुढे चौघांच्या खांद्यावर बल्ली, मागे खाली मान घालून वामनराव. हमालांना तोल सांभाळता येईना म्हणून ते पावलाला पाऊल मिळवून चालत होते. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्याने टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं जी?"

"बल्ली," वामनराव म्हणाले.

म्हाताऱ्याला कळलं नाही, पण त्याने हात जोडले. डेपोचा रस्ता नदीकडे जातो, मशानाच्या बाजूने. भादव्यात याच रस्त्याने, याच चालीने, चिखलातून ते गेले होते. तेव्हाही लोक उभे राहिले होते. तेव्हा कोणाला काही विचारावं लागलं नव्हतं.

डेपोत बल्ली जमा झाली. वामनराव घरी आलेच नाहीत. नदीकाठी गोकुळाबाईला जिथे माती दिली होती तिथे ते बसले. लटारू दबकत मागून आला.

"काकाजी, माहं नाव काऊन नाई सांगितलं?"

"तुले पोरं आहेत घरी."

लटारू मातीत बोट फिरवत राहिला. तेवढ्यात ठमाबाई शोधत आली ती भांडतच. "अजी वामनभाऊ, इथी काय बसले? पोट्टा उद्या टीव्हीत येऊन राह्यला! चोरीची बल्ली आणता अन् मंग रडता! बल्लीले मुळं असती तं गारडानं नेली असती का?"

वामनरावांनी वर पाहिलं. त्यांच्या डोक्यावर अर्जुनाचं जुनं झाड होतं. बल्लीच्या दुप्पट उंच, समोर नदी मोकळी. त्याला मुळंही होती.

"इथी वीज कुठी आहे?" लटारू म्हणाला.

"जंगूच्या ट्रकात बॅटरी आहे," ठमाबाई म्हणाली. "त्याचा दिवा लागते तं टीव्ही नाई लागन?"

"मशानात टीव्ही?"

"मुडदाच पाहाचा आहे ना," वामनराव म्हणाले. बऱ्याच दिवसांनी ते थोडं हसले.

इसरूला रीतसर विचारलं. तो डोकं खाजवून म्हणाला, "उभ्या झाडाले ठप्पा लागत नाई. पण खिळा ठोकसान तं केस करीन. दोरानं बांधा. अन् मी तिथी नाई. असलो तरी चादर निघेपर्यंतच आहे."

रविवारी सकाळी सगळं गाव नदीवर. लटारू पायाला दोरी बांधून झाडावर चढला आणि पार शेंड्याला काडी बांधून तिथेच बसून राहिला. त्या दिवशी तो कोणाच्या म्हणण्यावर उतरला नसता. जंगूने ट्रक मागे घेत झाडाखाली आणला, वायरी जोडल्या. वामनरावांनी गोकुळाबाईच्या मातीवर मेणबत्ती लावली, दोन्ही हात जोडले आणि टीव्ही स्टुलावर ठेवला. तोंड मातीकडे केलं.

"काकाजी, तिकडून ऊन येऊन राह्यलं," जंगू म्हणाला. "काई दिसणार नाई. इकडे फिरवा."

"तिकडंच राहू दे."

जंगूला समजलं. त्याने वाकळ आणली आणि दोघांनी ती टीव्हीवर छतासारखी धरली. लोक बसले, पण मेणबत्तीपासून टीव्हीपर्यंतची जागा कोणी घेतली नाही. एक पोरगं पुढे सरकलं तर ठमाबाईने दंड धरून मागे ओढलं. "बस इकडे. तिले दिसू दे."

भाटिया लागला. चित्र असं स्वच्छ की त्याच्या बाहीचं सैल झालेलं बटणही दिसत होतं. लांब खोली, लोखंडी पलंग, पांढरी चादर. गावाकडची एक म्हातारी आली, नऊवारी नव्हती पण डोक्यावर पदर होता. भाटियाने कर्रकर्र चावी दिली आणि चादर दूर केली.

घनश्याम होता. गाल बसलेले, मिशी काढलेली, भुवईवर तो व्रण. डोळे मिटलेले. वामनरावांनी त्याला झोपलेला शेवटचा पाहिला होता तेव्हा तो शाळेत होता.

टीव्हीतली म्हातारी त्याच्या छातीवर पडून रडू लागली. भाड्याचं रडणं ते, पण चांगलं रडत होती. ठमाबाई तिच्यासंगे रडू लागली, मग दुसऱ्या बाया. भादव्यात पुरामुळे कितीतरी जणींना येता आलं नव्हतं. त्यांचं राहिलेलं रडणंही तिथेच निघालं. वामनराव वाकळेचं टोक धरून उभे होते. हात आखडले होते. ते डोळे मिटत नव्हते.

आणि मुडदा हालला.

म्हातारीच्या हाताखाली छाती जरा वर आली आणि खाली गेली. पुन्हा वर आली. नाकपुडी थरथरली. गावाला दिसलं. दोन वर्षांपूर्वी मंडईत हसलेली सगळी माणसं तिथे होती. कोणी हसलं नाही.

"श्वास घेऊन राह्यला," वामनराव म्हणाले. "पाह्य गोकुळा, श्वास घेऊन राह्यला तो."

टीव्हीत भाटियाने म्हातारीला विचारलं, "क्या यही आपका बेटा है?"

म्हातारीच्या आधी वामनराव ताठ झाले. साहेबासमोर उभं राहून द्यावी तशी त्यांनी साक्ष दिली.

"हो जी. माहाच आहे."

भाटियाने चादर परत ओढली. वामनरावांनी वाकळ सोडली, ऊन पडद्यावर पडलं, आणि मग कोणी काही पाहिलं नाही. झाडावरून लटारू ओरडून विचारत होता, "खुनी कोण निघाला? अजी, खुनी कोण?" ट्रकची बॅटरी बसली. खुनी कोण होता ते कुरखेड्यात अजून कोणाला ठाऊक नाही.

जंगूचा ट्रक पुन्हा मुंबईकडे निघाला तेव्हा वामनराव केबिनमध्ये बसले होते, मांडीवर वाकळेची घडी. बल्लीच्या केसची तारीख लागली होती; त्यांनी पुढची तारीख मिळावी म्हणून अर्ज दिला होता. ठमाबाईने भाकरीचं गाठोडं खिडकीतून आत दिलं आणि पायरीवर चढून उभी राहिली.

"भाऊ, पोट्ट्याले कसं सांगसान?"

वामनरावांनी मांडीवरची वाकळ उलगडून पुन्हा घडी घातली. जंगूने इंजन सुरू करून पुन्हा बंद केलं.

"पयले म्हणीन, म्या पाह्यलं," ते म्हणाले. "म्हणीन, बिलकुल नाई हालला तू. मंग मायचं सांगीन."